आभाळाची शेड

खरवई, बदलापूर
१४ जानेवारी १९९०

चि. नवसू यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. अकरा वर्षं त्याच अक्षरातल्या रेसिप्या वाचून तू रंग तोलत होतास. हो, मीच, श्यामकांत गद्रे, अंबरनाथच्या कापड रंगवणाऱ्या डाय-हाऊसचा शेड-मास्तर. आता नुसता गद्रे. जूनमध्ये निवृत्त झालो, कंपनीची खोली सोडली आणि इथे खरवईला नव्या इमारतीत ब्लॉक घेतला. ब्लॉक घेताना मी फक्त उत्तरेची खिडकी पाहिली, रंग बघायला तोच उजेड स्थिर. कुमुदिनी, म्हणजे तुझ्या वहिनी, अजून सगळ्यांना सांगतात, "लोक नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात, आमच्या घरात उजेड कुठून येतो ते विचारलं गेलं."

आज संक्रांत. तिळाचा लाडू पाकिटात घातला तर तुमच्या वाडीच्या शाळेत पोचेपर्यंत त्याचा भुगा होईल, म्हणून नुसत्या गोड बोलण्यावर भागव. पत्ता बदलापूर स्टेशनबाहेर तुझ्या बायकोकडून, आवडीकडून घेतला. ती रानातली बोरं विकायला बसली होती. पत्ता दिला, पण बोरांचा भाव एका पैशाने कमी केला नाही. ठीकच केलं.

पत्राचं कारण सांगतो. तुला आठवतं का, एकदा खिडकीपाशी सँपल धरून तू मला विचारलं होतंस, "साहेब, आभाळाची शेड कोन जुळवतं? रोज येगळी लागतेय." सगळे हसले. मी म्हणालो, "आधी शर्टाची जुळव." खरं सांगू का, मला उत्तर येत नव्हतं. ज्याला उत्तर येत नाही तो साहेबाचा आवाज काढतो. आता रिकामा आहे. सोमवारी अंबरनाथच्या वाचनालयात जातो आणि विज्ञानाची इंग्रजी मासिकं चाळतो. तुझा प्रश्न माझ्या डोक्यावर बसलेला आहे, तो उतरवतो.

सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यात सगळे रंग असतात. हे तुला नवीन नाही. आपल्या डोक्यावरची हवा इतक्या बारीक कणांची आहे की कुठल्याही चाळणीत सापडायची नाही. हे कण तांबडा उजेड जवळजवळ सरळ जाऊ देतात आणि निळ्याला चहूकडे उधळतात. त्यामुळे आपण कुठेही मान वर केली तरी उधळलेला निळा डोळ्यात येतो. संध्याकाळी सूर्य खाली उतरला की त्याच्या उजेडाला हवेतून फार लांबून यावं लागतं. निळा वाटेतच उधळून संपतो, आपल्यापर्यंत उरतो तांबडा. म्हणजे आभाळाला कोणी रंग लावलेला नाही. आपण पाहतो ती हवेने केलेली निवड आहे.

चंद्रावर हवाच नाही. तिथे भर दुपारी, ऊन पडलेलं असताना, आभाळ काळं कुळकुळीत असतं. हे वाचलं आणि मी उठून वाचनालयाच्या खिडकीतून वर बघून आलो.

बाकी, मागचं काही मनात ठेवू नकोस. त्या आकाशी कापडाच्या लॉटचं झालं ते झालं. कोणाच्याही हातून वजन चुकतं.

तुझा,
श्यामकांत गद्रे


खरवई
१८ फेब्रुवारी १९९०

चि. नवसू यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. खडीच्या कामावर जातोस असं आवडी म्हणाली, दमत असशील. तरी लिहितो, कारण मला असं काही सापडलंय की ते सांगायला आपल्या लॅबमधला माणूसच पाहिजे. इथल्या शेजाऱ्यांना सांगायला गेलो तर ते नळाचं पाणी आलं म्हणून उठून जातात.

मंगळावर आभाळ निळं नाही. ते फिक्कट विटकरी, बेसन थोडं जास्त भाजलं गेलं की होतं तसं. तिथे हवा विरळ आणि धूळ फार. धूळही गंजलेल्या लोखंडाची. ती निळा खाऊन टाकते आणि उरलेलं आपल्याकडे फेकते.

गंमत पुढेच आहे. चौदा वर्षांपूर्वी अमेरिकेचं यान मंगळावर उतरलं आणि त्याने पहिला रंगीत फोटो पाठवला. इकडे पृथ्वीवर बसलेल्या लोकांनी तो तयार केला, तर आभाळ निळसर आलं. सगळे खूश. आपल्यासारखंच आभाळ म्हणे. पण यानावर त्यांनी रंगाच्या चकत्या लावून पाठवल्या होत्या. निळी, हिरवी, तांबडी, करडी. नवसू, ते शेडकार्ड होतं! मंगळावर शेडकार्ड! चकत्यांचे रंग फोटोत नीट जुळवल्यावर आभाळाचा निळा उतरला आणि विटकरी आला. म्हणजे झालं काय, की डोळ्यांना सवय निळ्याची, म्हणून हात निळ्याकडे गेला.

मला त्या लोकांचं कौतुक वाटलं. चूक कळली आणि एक-दोन दिवसांत जगापुढे सांगून मोकळे झाले. आपल्याकडे एवढा कडक माणूस मिळत नाही. आपल्या डाय-हाऊसमध्ये मी होतो म्हणून चाललं.

घरी एक नवीन कटकट आहे. हल्ली बाजारात नीळ भेसळीची येते. माझे पायजमे धुतले की पिवळेच राहतात. मी कुमुदिनीला म्हणतो, अजून दोन थेंब घाल. ती म्हणते, "अहो, निळे झालेत." मी म्हणतो, अजून घाल. परवा जिन्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, हा निळा गणवेश कुठल्या कारखान्याचा?" लोकांना रंगाची नजर राहिलेली नाही, हे खरं.

उत्तर टाक. पोस्टकार्ड सोबत ठेवलं आहे.

श्यामकांत गद्रे


मोहवाडी
१० मार्च १९९०

सायेब, रामराम.

दोन पत्रं भेटली. मास्तरकडून वाचून नाय घेतली, माझी मीच वाचली. चौथीपर्यंत गेलोय, तुमाला ठाव हाय.

मंगळाचं पटलं. एक इचारतो. यानावर शेडकार्ड व्हतं, आन तिथं धूळ फार. मग कार्डच धुळीनं भरलं तर जुळवनार कशाला धरून?

दुसरं. वजन चुकलं नव्हतं. तुमी सँपल पास करायच्या आधी मी बोललो व्हतो, साहेब ह्यात तांबूस झाक हाय, जांभळं मारतंय, पास नका करू. तवा तुमी ताडीचं बोललात. ते तुमच्या दोनी पत्रात कुठं नाय.

तिसरं. आमच्या वाडीत भात कापायच्या आधी एक मानूस समद्यांच्या खाचरातून फिरतो आन रंग बघून सांगतो, हे आज कापा, हे चार दिसांनी. माझा बा पदू फिरायचा, मंग मी. कारखान्यात नवसूचा डोळा नासला म्हनून त्याला कामावरून काढला, हे वाडीला कळल्यापासून मना कोन बोलवत नाय. आता मी बी कोनाला सांगत नाय. कुनी सांगावं, नासला बी असल.

नवसू


खरवई
२२ एप्रिल १९९०

चि. नवसू,

तुझ्या धुळीच्या प्रश्नासाठी दोन सोमवार घालवले. यानावर अशा चकत्या एका नाही, तीन ठिकाणी लावल्या होत्या. एक मळली तर दुसरीशी ताडून बघता येतं. शिवाय यानाच्या अंगावर ठरलेल्या रंगाच्या इतर वस्तू असतात, त्याही कामाला येतात. पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. वाचनालयात एक प्राध्यापक येतात, त्यांनाही नाही. त्यांनी विचारलं, "हा तुमचा कोण?" मी म्हणालो, आमच्या लॅबमध्ये होता.

आता दुसरं. ताडीचं म्हणशील तर मी काही बोललो असेन तर ते गमतीत. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण जांभळं नव्हतं. आपले कॅम्प दोनचे गिऱ्हाईक परमानंद शेठ यांनी नमुना म्हणून दिलेलं स्टँडर्ड आणि आपलं सँपल, दोन्ही मी उत्तरेच्या खिडकीत सकाळी अकराला धरलं होतं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. एकसारखं होतं. नंतर मोठ्या लॉटमध्ये जांभळं आलं तर ते तोलताना आलं असणार, दुसरं कारण मला दिसत नाही. मी चौकशीत सांगितलं ते हेच.

हे इथे ठेवू. शुक्राचं सांगतो. शुक्रावर गंधकाच्या तेजाबाचे ढग आहेत, पार जाड. बाहेरून तो फिक्कट पिवळा दिसतो. रशियाची यानं त्या ढगांतून खाली उतरली आणि त्यांनी जमिनीचे फोटो पाठवले. सगळं नारंगी. दगड नारंगी, आभाळ नारंगी. कारण निळा उजेड तिथे खाली पोचतच नाही, वरच्या वर संपतो. मग शास्त्रज्ञांनी हिशोब करून तो नारंगी उजेड वजा केला, तर दगड निघाले साधे करडे, आपल्या बारवी धरणाच्या खडकांसारखे. दगडाचा दोष नव्हता, मधल्या आभाळाचा होता.

नीळ प्रकरण वाढलं. कुमुदिनीने एक दिवस माझे सगळे पायजमे दोरीवर टाकून इमारतीतल्या चार बायकांना विचारलं, हे पांढरे की निळे. चौघी निळे म्हणाल्या. मग मला धरून कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमच्या डोळ्यातलं भिंग चहाच्या पाण्यासारखं झालंय. बरीच वर्षं होत आलं असणार."

पुढच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. ह्याचा त्या लॉटशी संबंध लावू नकोस. तेव्हा मला पेपर चष्म्याशिवाय वाचता येत होता.

श्यामकांत गद्रे


खरवई
१७ जून १९९०

नवसू,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं जाऊ देणार आहे.

उजव्या डोळ्यात प्लास्टिकचं बारीक भिंग बसवलं. पट्टी सोडली त्या सकाळी मी पहिल्यांदा दवाखान्याची चादर पाहिली आणि नर्सला म्हणालो, ही निळी का? ती म्हणाली, पांढरी आहे. घरी आलो. डावा डोळा झाकला की भिंत पांढरी, उजवा झाकला की तीच भिंत जुन्या वर्तमानपत्रासारखी. दिवसभर मी एक डोळा झाकत आणि एक उघडत घरात फिरत होतो. कुमुदिनीच्या अंगावर एक लुगडं होतं, ते मी सहा वर्षं राखी समजत होतो. ते निळं आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "मी निळंच घेतलं होतं. तुम्ही राखी म्हणालात, मी गप्प बसले. रंगातलं तुम्हाला जास्त कळतं."

खिडकीत गेलो. अंबरनाथच्या चिमण्यांच्या धुराने आभाळ मळकट झालंय अशी माझी कित्येक वर्षांची तक्रार होती. दोन-चार अर्जही केले होते. ढगांच्या मधून थोडं आभाळ दिसत होतं, नव्या डोळ्याने ते इतकं निळं होतं की मला रडू आलं. आणि त्याच वेळी मी ट्रंकेकडे वळलो, कारण तिच्यात काय आहे ते मला माहीत होतं.

परमानंद शेठनी लॉट परत पाठवला तेव्हा त्यातला हातभर तुकडा मी कापून ठेवला होता, शेजारी आपलं पास केलेलं सँपल आणि शेठच्या स्टँडर्डची चिंधी पिन करून. उद्या कोणी माझ्याकडे बोट दाखवलं तर पुरावा असावा म्हणून. दोन वर्षं ट्रंकेत होता. तो काढला आणि अकरा वाजता खिडकीत धरला. डाव्या डोळ्याने लॉट आणि सँपल दोन्ही आकाशी, एकमेकांसारखे, आणि स्टँडर्डसारखेही. उजव्या डोळ्याने स्टँडर्ड आकाशी आणि बाकीचे दोन्ही जांभळे. दोन्ही, नवसू. म्हणजे तोलण्यात काही बिघडलेलं नव्हतं. मोठा लॉट सँपलबरहुकूम उतरला होता. सँपलच जांभळं होतं आणि ते मी पास केलं होतं. शेठ आपल्या गेटवर ओरडले होते, "साईं, ये आसमान है? ये तो बैंगन का फूल है!" ते बरोबर होते. तू त्यांच्याही आधी बरोबर होतास.

आता जे तुझ्यापाशी कधी कबूल केलं नाही ते. डोळा पिवळा झाला ह्यात माझा दोष नाही, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. ते खरंही आहे. पण दोन वर्षांपूर्वी ९ मार्चला तू म्हणालास, जांभळं मारतंय, पास नका करू, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नवसू, ताडी उतरली की परत बघ." सगळे हसले. मला बरं वाटलं. तू त्या दिवशी प्यायला नव्हतास. तू कामावर कधीच पिऊन आला नाहीस, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

पुढे चौकशीत मॅनेजरनी मला सरळ विचारलं, "ह्या माणसाने तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का?" मी नाही म्हणालो. मला वाटत होतं की तू चुकला आहेस, मग तुझं बोलणं कशाला मध्ये आणायचं. असं मी तेव्हा म्हणत होतो. खरं म्हणजे, तू सांगितलं होतंस हे कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ते कापड बघून घेतलं असतं, आणि मला ते नको होतं. मग कोणीतरी त्या हसण्यातली ताडी उचलली, कोणीतरी म्हणालं ह्या लोकांचा डोळा दारूने नासतो, आणि मी तिथे बसून होतो. तू रोजंदारीवरचा. अकरा वर्षं असून गेटवरचं कार्ड काढून घेतलं की संपलं.

परवा डाय-हाऊसला गेलो होतो. मॅनेजर नवीन आहेत. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले की ती फाइल बंद झाली, लॅबमध्ये आता मशीन आहे. मी तिथेच बसून कागदावर सगळं लिहिलं, सही केली, एक प्रत त्यांना दिली. दुसरी सोबत आहे. तुझा डोळा चांगला होता, तू आधी सांगितलं होतंस, मी खोटं बोललो, असं त्यात आहे. ती कुठे दाखवायची तिथे दाखव.

माफ कर असं लिहीत नाही. तेवढं तोंड मला नाही.

श्यामकांत


मोहवाडी
८ जुलै १९९०

सायेब, रामराम.

कागद भेटला. आवडीनं प्लास्टिकमधी घालून कौलाखाली ठेवला. पन खडीवर कागद दाखवून काय करू? तिथं पाटी उचलाय डोळा कोन मागतो?

माझं नाव गेलं ते वाडीत गेलं. तुमच्या तोंडानं गेलं, कागदानं नाय गेलं. सांगायचं तर हितं येऊन सांगा, समद्यांम्होरं, भात कापायच्या आधी. नाय आलात तरी चालंल.

शुक्राचं वाचलं. दगडाचा खरा रंग करडा म्हनता. पन तिथं उजेडच नारंगी हाय, तर तिथं कोन ऱ्हात असल त्याला दगड जन्मभर नारंगीच दिसनार. आन तो आपल्याकडं आला तर आपले दगड बघून म्हनंल, ह्यांचा रंग उडाला. मग खरा कंचा, त्याचा का आपला?

तुमचा डावा डोळा कधी करनार?

नवसू


खरवई
१४ ऑक्टोबर १९९०

श्री. नवसू पदू निरगुडा यांस सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी झालं ते तुमच्या डोळ्यांसमोरच झालं. तरी लिहितो, कारण मी बोललो ते माझ्या अक्षरात तुमच्यापाशी असावं. आणि 'अरे नवसू' म्हणणारा हात आता तसं लिहायला तयार होत नाही, तेव्हा चालवून घ्या.

एसटीतून उतरून चढ चढताना कुमुदिनी मला म्हणाली, "पाठ केलंय का?" केलं होतं. तुमचे काका धोंडी यांच्या अंगणात तीस-चाळीस माणसं बसलेली पाहिली आणि मी स्टँडर्डपासून सुरुवात केली. मग सँपल, मग मोतीबिंदू, मग शुक्राचे ढगसुद्धा. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी तुमची आवडी मागून म्हणाली, "सायेब, सरळ सांगा." तेव्हा कुठे तोंडातून निघालं, "ह्यांचा डोळा चांगला होता. नासका माझा होता. ह्यांनी मला आधी सांगितलं होतं, आणि ह्यांनी काही सांगितलं नाही असं मी चौकशीत खोटं बोललो. ताडीचं मीच बोललो, ते खोटं होतं." चार वाक्यं. दोन वर्षं सात महिने लागले.

मला वाटलं होतं की कोणी रागावेल, निदान शिवी देईल, म्हणजे आपण सुटू. धोंडीकाका सुपारी चघळत म्हणाले, "दोन सालं आमी ह्याला बांधावर पन उभा केला नाय. गेल्या साली वरचं भात कच्चंच कापलं. कांडाय नेलं तर समदी कनी झाली. पोरांनी सालभर कनीची पेज खाल्ली." मग माझ्याकडे बघून विचारलं, "त्याचं काय?"

मी एका माणसाची अकरा वर्षं बुडवली एवढाच हिशोब करत आलो होतो. अख्ख्या वाडीच्या ताटापर्यंत तो गेला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग काका उठले, आणि मला नाही, तुम्हाला म्हणाले, "चल, वरच्या खाचरात." तुम्ही जागचे हलला नाहीत. मला वाटलं रागाने. मग तुम्ही खालच्या आवाजात मला म्हणालात, "साहेब, माजाच डोळा मना आता पटत नाय. चुकलं तर?" तुमचं काम मी घालवलं हे मला माहीत होतं. तुमच्या डोळ्यावरचा तुमचा भरवसा मी घालवला, हे त्या अंगणात कळलं. मी एवढंच म्हणालो, "चुकलात तर चुकलात. मी कित्येक वर्षं रोज चुकत होतो, पगार घेऊन." तुम्ही हसलात. मोठ्याने नाही, पण हसलात.

तुम्ही बांधावर किती वेळ उभे होतात ते मी मोजलं नाही. सूर्याकडे पाठ केली, मग तोंड केलं, मग एक लोंबी हातात धरून सावलीत नेली. हे सावलीत नेणं मी तुम्हाला शिकवलं असं मी अकरा वर्षं समजत होतो. काकांनी सांगितलं, पदू पण असाच न्यायचा. मग तुम्ही म्हणालात, "हे आज. ते खालचं पाच दिसांनी. त्याची काडी अजून हिरवी हाय." मला दोन्ही शेतं पिवळीच दिसत होती, नव्या डोळ्यालाही. बायकांनी विळे घेतले.

शुक्राचा तुमचा प्रश्न मी प्राध्यापकांना विचारला. ते म्हणाले की दगड कुठला उजेड परत फेकतो एवढं मोजता येतं, ते तिथेही तेच आणि इथेही तेच. पण 'रंग' म्हणजे दगड, उजेड आणि बघणारा डोळा अशी तिघांची भागीदारी आहे. त्यातल्या एकानेच मालकी सांगू नये. मला हे उत्तर आवडलं. तुम्हाला पुरेल का, ते कळवा.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ते. त्या रविवारी जेवणानंतर मी पिशवीतून वाचनालयाचं एक इंग्रजी मासिक काढलं. गेल्या वर्षी एक यान नेपच्यूनपाशी पोचलं, त्याचे फोटो होते, आणि शेजारच्या पानावर त्याआधीच्या युरेनसचा. युरेनस फिक्कट हिरवट निळा, नेपच्यून गडद निळा, शाईच्या दौतीसारखा. मी तुम्हाला सांगितलं की दोघांच्या हवेत मिथेन नावाचा वायू आहे, तो तांबडा उजेड खातो, म्हणून हे निळे. तुम्ही मासिक घेऊन अंगणात गेलात. भिंत शेणामातीची पिवळी, तिच्यापासून लांब, मोकळ्यात उभे राहिलात. दोन्ही पानं शेजारी धरलीत.

"रसायन एकच म्हनता?"

"एकच. थोडंफार कमी-जास्त."

"उजेड बी एकच, सूर्याचाच?"

"हो."

"मग ह्या निळ्यात कोनीतरी हात घातलाय. एवढं नसनार. हे दोगं जवळजवळ सारखेच निघतील."

मी तोंड उघडलं होतं. ते कोण लोक, त्यांची यंत्रं काय, ते यान किती कोटी मैल गेलं, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. साहेबाचा आवाज अजून मेलेला नाही. कुमुदिनी माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं आणि खिशातून पेन काढलं.

परवा त्या मासिकाच्या संपादकांना इंग्रजीत पत्र टाकलं. बदलापूरजवळच्या मोहवाडीचे श्री. नवसू निरगुडा, अकरा वर्षं रंगजुळणीचं काम केलेले, यांचं असं मत आहे की नेपच्यूनच्या छापलेल्या फोटोतला निळा वाढवलेला आहे. कृपया तपासून पाहावं. खाली तुमचं नाव, शाळेचा पत्ता. माझं मत मी लिहिलं नाही. माझा डावा डोळा अजून पिवळाच आहे, तो जानेवारीत व्हायचा आहे.

उत्तर येईल की नाही, सांगता येत नाही. तुमचं बरोबर निघेल की त्यांचं, मला खरोखर माहीत नाही. पण तुम्ही सांगितलं होतं, ७ ऑक्टोबरला, दुपारी दीड वाजता, मोकळ्या उजेडात, आणि ते मी ऐकलं होतं, हे ह्या खेपेला मी सही करून कळवलं आहे.

आपला,
श्यामकांत